संगणकाची राखण : काळ्या यादीचा उपयोग आणि तिच्या मर्यादा



गेल्या आडसाली लागणीच्या वेळी आपल्या एका गट ऑफिसातील ऊसनोंदी दोन दिवस कारखान्याच्या मुख्य संगणकावर आल्याच नाहीत. फील्डमन शेतावर जात होता, नोंद घेत होता, हातातल्या यंत्रावर ती दिसतही होती. पण कारखान्यात पोचत नव्हती. तिसऱ्या दिवशी साऱ्या नोंदी एकदम आल्या आणि त्यांवर नोंदीची तारीख पडली ती तिसऱ्या दिवसाची. आपल्याकडे तोडीचा क्रम लागण तारीख आणि नोंद तारीख पाहून लागतो, हे सर्वांना माहीत आहेच. साहजिकच सभासद शेतकी ऑफिसात आले. "नोंद सोमवारची, मग यादीत बुधवार कसा?" हा पहिला प्रश्न. "कोणाचा नंबर पुढे घ्यायचा होता काय?" हा दुसरा.

दोन्ही प्रश्न रास्त होते. ज्यांच्याजवळ नोंदीची पावती होती त्यांची तारीख पावतीप्रमाणे आणि बाकीच्यांची फील्डमनच्या वहीप्रमाणे दुरुस्त केली. कोणाचाही क्रम मागे राहिला नाही. परंतु हे घडले का, याचा लेखी खुलासा करण्याचे आम्ही त्या वेळी कबूल केले होते. तो या अंकात करीत आहोत.

थोडक्यात सांगायचे तर यंत्र बिघडले नव्हते आणि कोणी लबाडीही केली नव्हती. कारखान्याच्या संगणकाच्या दारात चोर अडवण्यासाठी आम्हीच जी काळी यादी लावली होती, तिने चोराबरोबर आपल्याच फील्डमनला अडवले. ही यादी म्हणजे काय, ती का लागते आणि कोठे चुकते, हे सभासदांनी समजून घेतले म्हणजे पुढच्या वेळी संशयाला जागा राहणार नाही. आम्ही शेतकी खात्याची माणसे, संगणकाचे तज्ज्ञ नव्हे. पण आमच्या खात्याचे काम याच दारातून जाते, म्हणून हा विषय आम्हांस शिकावाच लागला.

राखण कशासाठी?

कारखान्याच्या संगणकावर आज काय आहे? आपली ऊसनोंद, काट्यावरील वजने, तोडणी-वाहतुकीचे हिशेब, आपले बँक खाते नंबर आणि ऊसबिले. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत बिल देण्याचे बंधन १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने कारखान्यांवर घातले. ऐन गळितात कोणी हा संगणक कुलूप लावून बंद केला आणि "पैसे द्या, मग उघडतो" म्हणाला, तर काय होईल? वजनांची नोंद अडली की काट्यावर गाड्यांची रांग लागते, गव्हाण रिकामी पडते, तोडलेला ऊस उन्हात वाळतो. वजनात घट येते ती शेतकऱ्याच्या पदरात. तेव्हा हा केवळ ऑफिसचा विषय नाही.

काही सभासद म्हणतात, "आपल्या खेड्यातल्या कारखान्यात कोण परदेशातून चोरी करायला येतोय?" ही समजूत चुकीची आहे. इंटरनेटवरील प्रत्येक जोडणीला एक पत्ता असतो. तो चार आकड्यांचा असतो, जसे २०३.०.११३.४५. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. असे सारे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. (आता याहून लांब पत्त्यांची नवी पद्धतही आली आहे, पण जुनी अजून सर्वत्र चालू आहे.) २०१३ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की, चांगली लाइन असेल तर एकच संगणक या साऱ्या पत्त्यांच्या एका दारावर सुमारे ४५ मिनिटांत टकटक करू शकतो. चोराला आपले गाव माहीत असण्याची गरजच नाही. तो ओळीने सर्व दारे ढकलून पाहतो. जे उघडे सापडेल ते त्याचे.

गेटवरचा वॉचमन

फायरवॉल हे यंत्र म्हणजे कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन समजा. संगणकावर येणारा-जाणारा सारा मजकूर लहान लहान पाकिटांतून येतो. प्रत्येक पाकिटावर लिहिलेले असते की ते कोणत्या पत्त्यावरून आले, कोणत्या पत्त्याला चालले आणि कोणत्या नंबरच्या दाराने आत जाणार. दारे पुष्कळ आहेत, एकूण ६५,५३५. वॉचमन पाकीट वाचतो, हातातले नियम वरून खाली पाहतो आणि पहिला जो नियम लागू पडेल त्याप्रमाणे सोडतो किंवा अडवतो.

यातला पहिला नियम म्हणजे सर्व दारे बंद ठेवायची आणि कामाची तेवढीच उघडायची. याचे महत्त्व २०१७ साली साऱ्या जगाने पाहिले. त्या वर्षी १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाचा संगणकी किडा पसरला. तो १५० च्या वर देशांत गेला. एका संगणकातून दुसऱ्यात तो शिरत होता ४४५ नंबरच्या दाराने, म्हणजे ऑफिसातल्या ऑफिसात फायली देण्या-घेण्यासाठी असलेल्या दाराने. हे दार बाहेरच्या जगाला उघडे ठेवण्याचे काहीच कारण नसते. ज्यांनी ते बाहेरून बंद ठेवले होते त्यांच्याकडे त्या वाटेने तो शिरू शकला नाही. शिवाय विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीने त्यावरची दुरुस्ती दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती वेळेवर लावली तेही वाचले. दार बंद आणि दुरुस्ती वेळेवर, ही झाली नांगरट आणि बेणेप्रक्रिया. काळी यादी ही त्यानंतरची फवारणी. पहिले न करता दुसरे केले तर पैसा जातो आणि कीड राहते.

काळी यादी येते कोठून?

मग यादी लागतेच कशाला? कारण काही दारे उघडी ठेवणे भागच असते. फील्डमनच्या यंत्रातून नोंदी यायच्या, बँकेशी व्यवहार व्हायचा, सभासदांना आपले खाते पाहायचे, तर कोठले तरी दार उघडे पाहिजे. उघड्या दारात उभे राहून "हा पत्ता वाईट, याला सोडू नको" असे वॉचमनला सांगणारी वही म्हणजे काळी यादी.

ही पद्धत जुनी आहे. १९९७ साली अमेरिकेतील पॉल व्हिक्सी यांनी नको ती जाहिरातीची टपाले पाठवणाऱ्या पत्त्यांची यादी चालू केली. १९९८ मध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी 'स्पॅमहाउस' ही संस्था काढली. तिची 'ड्रॉप' नावाची यादी आज पुष्कळ ठिकाणी वापरतात. तीत सुटे पत्ते नसून, गुन्हेगार टोळ्यांनी बळकावलेले किंवा भाड्याने घेतलेले पत्त्यांचे पट्टेच्या पट्टे असतात. आपल्या भाषेत सांगायचे तर एखादी सरी नव्हे, सबंध गटनंबरच. तेथून भले काही येण्याची शक्यता जवळजवळ नसते, म्हणून ही यादी लावायला सर्वांत निर्धोक. २००० साली सुरू झालेला 'डीशील्ड' हा उपक्रम वेगळ्या रीतीने चालतो. जगभरचे स्वयंसेवक आपापल्या फायरवॉलच्या नोंदी तेथे पाठवतात आणि कोणता पट्टा जास्त दारे ढकलत फिरतो आहे, हे त्यावरून काढले जाते. स्वित्झर्लंडमधून निघालेला 'अब्यूज.सीएच' हा उपक्रम तर किडे सोडणाऱ्या टोळ्यांच्या हुकूम देणाऱ्या संगणकांचे पत्ते गोळा करतो.

हे पत्ते हाती येतात कसे, याचे आम्हांस सुरुवातीस नवल वाटले. पण खोडकिडीसाठी आपण कामगंध सापळे लावतो, तसाच हा प्रकार आहे. मुद्दाम उघडा, कामाचा नसलेला संगणक आमिष म्हणून ठेवायचा. त्याच्याशी कोणा भल्या माणसाला काम असण्याचे कारणच नाही. तेव्हा जो त्याच्या दाराशी येऊन कुलूप खटखटावतो तो बहुधा पतंगच. सापळ्यात किती पतंग आले त्यावरून आपण शेतातल्या किडीचा अंदाज बांधतो, तसे हे.

आणखी एक गोष्ट. वॉचमनने आत येणाऱ्याला तपासायचे, तसे बाहेर जाणाऱ्यालाही तपासायचे. एखाद्या टेबलावरच्या संगणकात किडा शिरलाच, तर तो बाहेरच्या धन्याला "मी पोचलो, पुढचा हुकूम द्या" असा निरोप पाठवतो. धन्याचा पत्ता यादीत असेल तर निरोप अडतो आणि कोणत्या टेबलावरून तो निघाला हेही वहीत कळते. आमच्या मते यादीचा हा उपयोग पहिल्यापेक्षा मोठा आहे. ज्या बेटाला काणी लागली ते एकच बेट वेळेवर सापडले, तर उपटून जाळता येते, सारा फड वाचतो.

यादी चुकते कोठे?

पहिली चूक शिळेपणाची. पत्ते हात बदलतात. आज जो पत्ता चोराकडे आहे तो सहा महिन्यांनी एखाद्या शाळेकडे जातो. गेल्या वर्षीच्या किडीसाठी या वर्षी फवारणी केली तर औषध वाया जाते आणि मित्रकीटक मरतात. यादी रोजच्या रोज ताजी झाली पाहिजे आणि जुने नाव आपोआप गळाले पाहिजे.

दुसरी चूक निर्दोषाला पकडण्याची, आणि आपल्या गटात घडली ती हीच. ४२९ कोटी पत्ते जगाला पुरत नाहीत. म्हणून मोबाइल कंपन्या एकाच पत्त्याआड शेकडो फोन बसवतात. वाड्यात बिऱ्हाडे अनेक, पण दाराचा नंबर एक, तसा प्रकार. त्यातल्या कोणा एकाच्या फोनमध्ये किडा होता, त्याने बाहेर उपद्व्याप केले, पत्ता यादीत गेला आणि त्याच पत्त्याआड बसलेल्या आपल्या फील्डमनचे दार बंद झाले. यादीवाल्यांनी पाहिले ते खरेच होते. पण आम्ही पाच-सहा याद्या एकदम, एकही दिवस निरीक्षण न करता, सर्व दारांना लावल्या. चूक ती होती, आणि ती आमची होती.

ही चूक मोठ्यांकडूनही होते. स्पेनमध्ये फुटबॉल सामन्यांचे चोरटे प्रक्षेपण रोखण्यासाठी कोर्टाच्या हुकमाने फेब्रुवारी २०२५ पासून काही पत्ते अडवण्यात आले. ते पत्ते 'क्लाउडफ्लेअर' या कंपनीचे, आणि एकेका पत्त्यावर अनेकांच्या वेबसाइट. परिणामी सामन्याच्या दिवशी, ज्यांचा फुटबॉलशी काही संबंध नाही अशांचीही दुकाने बंद पडू लागली.

तिसरी चूक न समजता अडवण्याची. वर सांगितलेला वॉनाक्राय किडा संगणकात शिरल्यावर प्रथम एका विचित्र नावाच्या पत्त्याला हाक मारून पाहत असे. तेथून ओ आली तर गप्प बसे, न आली तर काम सुरू करी. एका तरुण ब्रिटिश संशोधकाने ते नाव स्वतःच नोंदवून ओ देण्याची सोय केली आणि पसार थांबला. पण काही ठिकाणी लोकांनी "हा किड्याचा पत्ता" म्हणून तोच फायरवॉलवर अडवला! मग ओ येईना आणि किडा पुन्हा मोकळा. तो पत्ता अडवू नका, असे ब्रिटनच्या सायबर सुरक्षा केंद्राला सांगावे लागले.

चौथी गोष्ट चूक नव्हे, मर्यादा आहे. यादी ओळखीच्या चोराला अडवते. ओळखीच्या पाहुण्याच्या पिशवीतून जे येते ते तिला दिसत नाही. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा दुसरा किडा सुटला. तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या नेहमीच्या दुरुस्तीतून आत गेला, म्हणजे अगदी विश्वासाच्या दाराने. 'मर्स्क' ही बोटींची मोठी कंपनी त्यात ठप्प झाली आणि त्यांच्या गटाकडून चालवले जाणारे आपल्या न्हावा शेवा बंदरातील टर्मिनलही अडले. तेव्हा यादी लावली म्हणजे निश्चिंत झालो, असे कोणी समजू नये. अशा वेळी उपयोगी पडते ती वेगळी, तारेने न जोडलेली प्रत. बेणे मळा आपण मुख्य फडापासून लांब ठेवतो तो याचसाठी.

आता काय बदलले आहे?

झाल्या प्रकारानंतर संगणक विभाग व शेतकी खाते यांनी मिळून पुढील व्यवस्था केली आहे.

१. बाहेरून उघडी असलेली सर्व दारे पुन्हा मोजली. दूर बसून संगणक चालवण्याचे ३३८९ नंबरचे दार कोणाच्या तरी सोयीसाठी उघडे राहिले होते, ते बंद केले.

२. गट ऑफिसांसाठी कंपनीकडून कायमचे, स्वतंत्र पत्ते घेतले. हे पत्ते व बँकेचे पत्ते यांची 'सोडावयाची यादी' केली. वॉचमन प्रथम ती वाचतो, मग काळी यादी.

३. फील्डमनच्या यंत्रांना वेगळा कुलूपबंद मार्ग दिला. यंत्रात किल्ली असल्याशिवाय तो उघडतच नाही. म्हणून त्या मार्गावर, फोनचा पत्ता कोणताही असो, काळी यादी लावलेली नाही.

४. याद्या कमी केल्या. ज्यांत गुन्हेगारांचे पट्टे आहेत ती आणि हुकूम देणाऱ्या संगणकांची, अशा दोनच ठेवल्या. नवी यादी लावायची झाल्यास पहिले पंधरा दिवस ती अडवणार नाही, कोणाला अडवले असते ते फक्त लिहून ठेवील. ते वाचून मगच निर्णय होईल.

५. फायरवॉलची वही रोज सकाळी एक जबाबदार माणूस वाचतो आणि सही करतो. नोंदी १८० दिवस जपून ठेवल्या जातात. केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी तसे बंधन घातले असून, हल्ला झाल्यास सहा तासांच्या आत कळवण्यासही सांगितले आहे.

६. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, यंत्र पोचो वा न पोचो, नोंदीची तारीख पावतीवरची धरली जाईल. संगणकावर वेगळी तारीख दिसली तर पावती खरी.

यात शेवटचा मुद्दा आम्ही मुद्दाम घातला आहे. कोणतीही राखण कधी ना कधी आपल्याच माणसाला अडवणार. अडवल्याचे वेळीच कळावे, सांगायला जागा असावी आणि त्याचे नुकसान होऊ नये, एवढी तजवीज असेल तरच ती राखण म्हणायची. नाही तर ती नुसती आडकाठी.

सभासदांना विनंती

नोंद घेतल्यावर फील्डमनकडून पावती घेतल्याशिवाय शेतावरून त्याला सोडू नये. "यंत्रात झाली आहे, पावती उद्या देतो" हे मान्य करू नये.

आठ दिवसांत आपली नोंद गट ऑफिसात लागलेल्या यादीत दिसली नाही, किंवा घरून आपले खाते पाहताना दार उघडत नसेल, तर गट ऑफिसातील तक्रार वहीत लिहावे. नाव, गाव, तारीख आणि वेळ एवढे पुरे. वेळ अवश्य लिहावी, कारण त्यावरूनच फायरवॉलच्या वहीत शोधता येते.

आणि शेवटचे. ही फायरवॉल कारखान्याच्या दारात आहे, तुमच्या खिशातल्या फोनवर नाही. "कारखान्यातून बोलतोय, बिल जमा करायचे आहे, आलेला नंबर सांगा" असा फोन आला, किंवा "ऊसबिलाची यादी" म्हणून एखादी फाइल फोनवर आली, तर ती उघडू नये आणि नंबर सांगू नये. कारखाना बिलासाठी तुमचा ओटीपी कधीही मागत नाही. कोणी फसले असल्यास लाजू नये. ताबडतोब १९३० या सरकारी नंबरावर कळवावे आणि बँकेत जावे. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त.

ज्या सभासदांना त्या दोन दिवसांच्या नोंदींबाबत अजून शंका असेल त्यांनी पावती घेऊन शेतकी ऑफिसात यावे. त्या दिवसांचे पान आम्ही काढून ठेवले आहे, ते समक्ष दाखवू.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते